धुकं की कागद

ड्रायक्लीनिंगच्या दुकानातला तिचा कोपरा महिन्याअखेर जाणार होता. तेरा वर्षं ती तिथे काचेशी बसून रफू करत आली होती. सिगारेटनं जळालेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी, कसरीनं खाल्लेले स्वेटर. मालकानं दुकान विकलं आणि नव्या मालकाला रफूचं काम नको होतं. गिऱ्हाइकं मात्र तिची स्वतःची होती, आणि ती घरी यायला तयार होती. म्हणून घरातली मागची खोली मोकळी करायचं ठरलं.

खोली तशी चांगली होती. खिडकी उत्तरेला, त्यामुळे ऊन थेट आत येत नसे आणि उजेड दिवसभर सारखा राही. अडचण होती भिंतींची. आधी राहून गेलेल्यांनी त्यांना झणझणीत पोपटी रंग दिला होता. त्या खोलीत बसून करड्या कोटासाठी निवडलेला धागा गॅलरीत नेला की दुसराच निघे. रफूचं सगळं गणित धाग्यावर असतं. धागा चुकला तर भोक बुजतं, पण तिथे काहीतरी झालं होतं हे सगळ्या जगाला दिसत राहतं.

"पांढरा मारून टाक," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कुठलीही गोष्ट चालू किंवा बंद, या दोनच प्रकारांत बसवायचा.

"कुठला पांढरा?" तिनं विचारलं.

"पांढऱ्यात कुठला असतं का?"

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले सासरे हसले. "अरे, नुसते पांढरेच सदतीस आहेत. आमच्या दुकानातले सांगतोय, जगातले नाही."

सासऱ्यांच्या बोलण्याला वजन होतं. एकतीस वर्षं त्यांनी रंगाच्या दुकानात रंग कालवले होते. गिऱ्हाईक भिंतीचा निघालेला पोपडा घेऊन येई, जुन्या पडद्याचा तुकडा घेऊन येई, एकदा तर एक बाई अंड्याचं टरफल रुमालात बांधून घेऊन आली होती. सासरे डब्यात थेंब थेंब टाकत आणि तोच रंग करून हातात देत. दुकानात त्यांना सगळे 'काटा' म्हणत. सोनाराचा काटा एक वेळ चुकेल, हा चुकायचा नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगे. पुढे रंग मिसळायचं यंत्र आलं, तरी मोठ्या कामाचा डबा यंत्रातून निघाला की आधी काट्यापुढे ठेवला जाई. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. गुडघे साथ देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं.

रंगाऱ्याचा प्रश्न आला तेव्हा सासऱ्यांनी दोन नावं सुचवली. दोघेही मोकळे नव्हते. मग तिला तिसरा आठवला. हा पूर्वी सासऱ्यांच्या दुकानाची कामं करायचा, कधीमधी घरी यायचा, आणि मग यायचा थांबला होता.

"तो कशाला?" सासरे म्हणाले.

"का? हात चांगला नाही?"

"हात चांगला आहे," सासरे म्हणाले आणि पेपर उलटला.

रंगारी आला. पंचेचाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. दारातच त्यानं चपला काढल्या, सासऱ्यांना नमस्कार केला आणि "मास्तर, बरे आहात ना?" असं विचारलं. ब्रश धरायला तो दुसऱ्या कुणाकडून शिकला होता, पण रंग बघायला सासऱ्यांकडून, म्हणून मास्तर. सासरे म्हणाले, "बरा आहे," आणि गुडघ्यावर हात ठेवून उठून आत गेले.

पोपटी खरवडून, भेगांत लांबी भरून, घासून भिंती तयार व्हायला तीन दिवस लागले. तेवढ्यात रंगाचं कार्ड पुढ्यात घेऊन ती सदतिसांतून दोनांवर आली. एकाचं नाव होतं 'पहाटेचं धुकं', दुसऱ्याचं 'जुना कागद'. नवऱ्याचं म्हणणं, अशी नावं ठेवायला कंपनीत वेगळा माणूस असणार आणि त्याला दुसरं काही येत नसणार. धुक्यात निळ्याची अगदी पुसट झाक होती, कागदात पिवळ्याची. कार्डावर दोन्ही सुंदर दिसत होते, पण कार्डावर काय, सगळंच सुंदर दिसतं. तिनं रंगाऱ्याला दोन्ही रंग भिंतीवर लावून दाखवायला सांगितलं.

त्यानं समोरासमोरच्या दोन भिंतींवर हात-हातभराचे चौकोन मारले. खिडकीजवळच्या भिंतीवर डावीकडे धुकं आणि उजवीकडे कागद. समोरच्या भिंतीकडे वळला तेव्हा हातात कागदाचा डबा होता, म्हणून तिथे उलट झालं. कागद डावीकडे, धुकं उजवीकडे.

चौकोन वाळल्यावर तिनं सासऱ्यांना बोलावलं. ते हात मागे बांधून खिडकीजवळच्या भिंतीपुढे उभे राहिले. दोन पावलं मागे सरले, मान कलती केली.

"हा डावा," ते म्हणाले. "डोळे झाकून डावा घे. उजव्यात निळं आहे. निळ्या खोलीत चांगला माणूसही आजारी दिसतो, मग कापडाचं काय."

डावा म्हणजे धुकं. निळं डाव्यात होतं. तिला वाटलं, आपलंच काही चुकत असेल. एकतीस वर्षांच्या डोळ्यापुढे आपण काय बोलणार?

सासरे वळून समोरच्या भिंतीकडे गेले. तिथे त्यांना तेवढाही वेळ लागला नाही. "इथेही डावाच. तेच सांगतोय."

रंगारी खाली बसून जमिनीवर अंथरलेले कागद गोळा करत होता. त्याचे हात थांबले. मग त्यानं कागदाची घडी घातली आणि ती उगाच पुन्हा उलगडली.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात," दारातून नवरा म्हणाला.

"तुला लिफ्टची बटणं दिसतात तेवढं पुष्कळ आहे," सासरे म्हणाले, आणि हसत बाहेर गेले.

ती रंगाऱ्याकडे पाहत होती. तो तिच्याकडे पाहत नव्हता. "छत आणि दरवाजा आधी करून घेतो, वहिनी," तो म्हणाला. "भिंतींचं तुम्ही सावकाश ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेल्यावर ती जेवणाच्या टेबलावर एक काळा कोट घेऊन बसली. धाग्यांचा डबा सासऱ्यांजवळ होता. "बाबा, त्यातलं काळं रीळ द्या ना."

सासऱ्यांनी एक रीळ उचललं, उलटं केलं, बुडाला चिकटवलेला नंबर वाचला, ठेवलं. दुसरं उचललं, उलटं केलं, वाचलं आणि तिच्याकडे दिलं. काळंच होतं. पण डब्यात काळी आणि निळी रिळं शेजारी-शेजारी होती आणि साधा धडधाकट माणूस ती ओळखायला नंबर वाचत बसत नाही. तिनं मग उठून कपाटातून दोन जुनी रिळं आणली. एक पांढरं, एक फिकट पिवळं. दोन्हींचे नंबर कधीच उडून गेले होते. तिनं ती टेबलावर ठेवली.

"यातलं पांढरं कुठलं, बाबा?"

सासऱ्यांनी दोन्ही हातात घेतली. खिडकीकडे धरली. बराच वेळ गेला. मग त्यांनी ती जिथे होती तिथे, अगदी तशीच ठेवली.

"तू माझी परीक्षा घेतेयस."

"हो."

"भिंतीवरून कळलं?"

"हो. तुम्ही दोन्हीकडे डावा म्हणालात. तिकडे रंग उलटे आहेत."

सासऱ्यांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. "निळं कुठे गेलं कळत नाही," ते म्हणाले. "बाकीचं दिसतं. पेपर वाचतो. रस्ता ओलांडतो. निळं तेवढं आलं की सगळं एका चहात बुडवून काढल्यासारखं."

"कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं."

"आणि डॉक्टरांकडे गेला नाहीत?"

"डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात, कधीपासून. आणि लिहून ठेवतात."

याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. तिला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट आहे. तिनं कोटातून सुई काढून सुयांच्या उशीला टोचली. "बाबा, उद्या माझा धागा चुकायला लागला, आणि तुम्हाला तो दिसला, तर तुम्ही मला सांगाल की नाही?"

"सांगेन."

"मग उठा."

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं हळूहळू पिवळं होत जातं, त्या म्हणाल्या, आणि रोज एक कण पिवळी होणारी काच कुणाच्या लक्षात येणार? आधी उजवा डोळा करू, महिन्या-दीड महिन्यानं डावा. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. शस्त्रक्रियेनंतर रंग परत येतो का? डॉक्टर म्हणाल्या, येतो, बऱ्याच जणांना पहिले काही दिवस जरा जास्तच येतो.

नऊ दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. छत आणि दरवाजाला एक हात देऊन रंगारी मधले दिवस दुसऱ्या कामाला गेला होता. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर सासऱ्यांना पडून राहायला सांगितलं होतं, पण ते सरळ मागच्या खोलीत गेले. ती मागोमाग गेली. त्यांनी काळा चष्मा वर केला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि खिडकीजवळच्या भिंतीकडे पाहिलं. मग उजवा झाकला. मग पुन्हा डावा. मग समोरच्या भिंतीपुढे जाऊन तेच केलं.

"या डोळ्यानं दोन आहेत," ते म्हणाले. "आणि या डोळ्यानं एकच."

"हं."

"धुकं हे. तिकडे ते." त्यांनी दोन्ही बरोबर दाखवले. मग रंगाऱ्याच्या ठेंगण्या घोडीच्या पायरीवर बसले. "तो उद्या येणार आहे ना?"

"येणार आहे."

"दार लावून घे. तुला एक सांगायचं आहे."

सांगितलं ते असं. निवृत्त व्हायच्या सहा महिने आधी एका शाळेच्या सभागृहाचं काम दुकानाकडे आलं होतं. तीन भिंती झाल्या आणि रंग संपला. ती छटा जुनी, यंत्रात नव्हती. सासऱ्यांनी हातानं नवा डबा कालवला आणि रंगाऱ्यानं, याच रंगाऱ्यानं, चौथी भिंत रंगवली. सकाळी मुख्याध्यापिकेनं खिडक्या उघडल्या, तर चौथी भिंत निळसर. आरडाओरडा झाला. मालक सासऱ्यांना घेऊन सभागृहात गेला. पाच-सहा माणसं भिंतीकडे बोट दाखवत उभी होती. सासऱ्यांना चारही भिंती सारख्या दिसत होत्या.

"तेव्हा कळलं मला, डोळा गेला," ते म्हणाले. "त्याच मिनिटाला कळलं. आणि त्याच मिनिटाला मी म्हणालो, हो, निळं आहे. डबा माझ्याकडून बरोबर गेला होता, यानं त्यात आधीच्या कामाचं उरलेलं काहीतरी ओतलंय."

काट्यावर कोण संशय घेणार? रंगाऱ्यानं ती भिंत पदरचा रंग आणून पुन्हा रंगवली. दुकानानं त्याला काम देणं बंद केलं. अशी गोष्ट पायांनी चालत नाही, पंखांनी उडते. बाकीच्या ठेकेदारांनीही त्याला दारात उभं केलं नाही. वर्षभर तो जिने आणि पाण्याच्या टाक्या रंगवत होता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरांकडची ती 'कधीपासून'ची नोंद त्यांना का नको होती, तेही तिला आता कळलं. सासऱ्यांना बहुधा वाटलं होतं की ती काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

"सवय करून घेतोय," ते म्हणाले.

सकाळी नऊला रंगारी आला. सासरे खोलीत आधीच उभे होते. ती दाराशी होती आणि तिनं तिथून हलायचं नाही असं ठरवलं होतं.

"बस जरा," सासरे म्हणाले.

"काम उरकू द्या, मास्तर."

"आधी बस."

रंगारी बसला नाही, पण ब्रश खाली ठेवला.

"त्या शाळेच्या सभागृहाचा डबा माझा चुकला होता. तू त्यात काही मिसळलं नव्हतंस."

"मी मिसळलं नव्हतं, हे मला माहीत आहे," रंगारी म्हणाला.

सासऱ्यांनी काळ्या चष्म्याकडे बोट दाखवलं. "मला मोतीबिंदू होता."

"ते मला त्या दिवशी कळलं. दोन्हीकडे डावा म्हणालात ना. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, चार वर्षं आपण उगाच मनात धरलं, म्हाताऱ्याला दिसतच नव्हतं, त्याला खरंच वाटलं असणार मी ओतलंय." तो थांबला. "बरं वाटलं होतं मला."

इथे सासऱ्यांना गप्प बसता आलं असतं. ती दाराशी उभी होती, तिनंही तोंड उघडलं नसतं. घरातल्या कुणीच उघडलं नसतं.

"तसं नव्हतं," सासरे म्हणाले. "मला चारही भिंती एकसारख्या दिसत होत्या. तरी मी निळं आहे म्हणालो. मला दिसत नाही हे कळू नये म्हणून."

रंगाऱ्यानं खाली वाकून उघडलेल्या डब्यावर झाकण ठेवलं आणि मुठीनं चारी बाजूंनी ठोकून घट्ट बसवलं. ब्रश कपड्यात गुंडाळला. "वहिनी, आज माझ्याकडून काम व्हायचं नाही," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं. तो आधी वडिलांकडे जाऊन आला आणि म्हणाला, "मी दुसरा रंगारी बघतो."

"थांब," ती म्हणाली.

"आणि तो आलाच नाही तर?"

"नाही आला तर पोपटी नाहीतरी गेलाच आहे. मी अशीच बसेन."

ते दोन दिवस तिनं भिंतींच्या कामी लावले. एक करडा कोट हँगरला अडकवला, एका चौकोनापुढे धरला, मग दुसऱ्यापुढे. सकाळी नऊला, बाराला, चारला. दोन्ही भिंतींवर. वहीत टिपून ठेवलं. उत्तरेच्या उजेडात मुळातच थोडं निळं असतं. धुकं त्यात भर घालत होतं, कागद ते खाऊन टाकत होता. कागदापुढे कोट गॅलरीत दिसायचा तसाच दिसे. तिनं कुणाला विचारलं नाही. कागद, असं वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी रंगारी आला. या वेळी त्यानं सासऱ्यांना नमस्कार केला नाही.

"खोली पुरी करून देतो," तो म्हणाला. "काम अर्धं सोडायची सवय नाही मला. पण काका, तुम्ही दुकानात जाऊन सांगायचं. मालकाला, आणि काउंटरवर जे असतील त्यांना. मी बरोबर येणार नाही."

"आजच जातो," सासरे म्हणाले. काका ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं असेल, तर ते काळ्या चष्म्यामागे राहिलं.

ती त्यांच्याबरोबर गेली, कारण अजून एकट्यानं रस्ता ओलांडायला मनाई होती. दुकान सकाळच्या गर्दीनं भरलं होतं. यंत्र डबे हलवत होतं आणि त्याच्या खडखडाटात बोलायला आवाज चढवावा लागत होता. मालकानं उठून सासऱ्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, डोळ्याची चौकशी केली. सासरे उभेच राहिले आणि त्यांनी सांगायचं ते सांगितलं.

"अहो, जाऊ द्या," मालक म्हणाला. "चार वर्षं झाली. शाळेलासुद्धा आठवत नसेल."

"जाऊ द्यायचं असतं तर मी आलो नसतो."

मग ते काउंटरकडे वळले आणि तेच पुन्हा म्हणाले. तिथे तिघं होते. त्यांतले दोघं नवे, त्यांना ना काटा माहीत, ना रंगारी; गिऱ्हाईक खोळंबलंय आणि हे आजोबा काय सांगतायत, अशा चेहऱ्यानं ते ऐकत होते. तिसरा जुना रोखपाल. त्यानं पेन खाली ठेवलं. "मीच त्याला म्हणालो होतो, पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस," तो म्हणाला. "तुमच्या शब्दावर."

"माझ्याच शब्दावर," सासरे म्हणाले.

यंत्र थांबलं, कुणीतरी डबा काढून घेतला, दुसरा लावला. मालक आता थोडा वैतागला होता. "बरं, मग मी काय करू म्हणता?"

"त्याला फोन करा."

"आणि काय सांगू?"

"मी सांगितलं तेच. तुमच्या तोंडून."

परत येताना सासरे रस्त्यात दोनदा थांबले. गुडघे खरंच दुखत होते.

मालकानं चार दिवसांनी फोन केला. रंगारी तेव्हा मागच्या खोलीत दुसरा हात मारत होता, त्यामुळे तिला त्याच्या बाजूचं बोलणं ऐकू आलं. हो, म्हणाला. कळलं, म्हणाला. मग बराच वेळ ऐकत राहिला. "नको," तो शेवटी म्हणाला. "आता दुसऱ्या दुकानाशी माझं जमलंय. पण फोन केलात ते बरं केलंत." फोन खिशात टाकून त्यानं ब्रश उचलला आणि खिडकीच्या चौकटीची कड एका दमात, न थांबता, सरळ खाली आणली.

खोली झाली. नवऱ्यानं दारात उभं राहून पाहिलं. "म्हणजे शेवटी कागदच. समोरच्या भिंतीवर बाबांनी बरोबर सांगितलं होतं की."

"अंदाजानं आलेलं उत्तर धरत नाहीत," आतून सासरे म्हणाले.

पुढच्या महिन्यात डावा डोळाही झाला. पट्टी निघाल्यावर सासऱ्यांनी घरभर फिरून वस्तू पाहिल्या, भांडी पाहिली, पडदे पाहिले, आणि मग आपलं कपाट उघडलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः जाऊन सहा शर्ट घेतले होते, सगळे साधे, तपकिरी आणि करडे. ते त्यांनी पलंगावर मांडले. त्यांतला, रोज फिरायला जाताना घालायचा आणि पहिल्या शस्त्रक्रियेपासून कपाटातच पडून असलेला तपकिरी शर्ट चांगला वांग्याच्या रंगाचा होता.

ते तो हातात घेऊन बाहेर आले. "हा मी तीन वर्षं घालतोय."

"हो," नवरा म्हणाला.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती सुईत धागा ओवत होती. "आम्हाला वाटलं, तुम्ही निवडलाय," ती म्हणाली. "रंगाच्या बाबतीत तुम्हाला कोण सांगणार?"

सासऱ्यांनी शर्ट उजेडात धरून पुन्हा एकदा पाहिला. मग तोच अंगात घातला, बटणं लावली आणि फिरायला गेले.